ओपीडीत पॉलिप काढायचा तर मशीननं का करंटनं?

जालन्याची_ताई:
मावशीची पाळी जाऊन चार वर्षं झाली अन् आता परत अंगावरून जायलंय, सोनोग्राफीत गर्भपिशवीत दोन सेंमीचा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराची गाठ, निघाला. डॉक्टर म्हणायलेत ॲडमिट नको, ओपीडीतच दुर्बिणीतून करंटनं, म्हणजे विजेनं कापून, काढू. माझं मत, मॉर्सेलेटर मशीन (गाठ पात्यानं कापून तुकडे ओढून घेणारं) असंल तिथंच जावं, संभाजीनगर गाठावं लागलं तरी. 2014 ला इंग्लंडात 121 बायांवर दोन्ही पद्धती करून बघितल्या, मशीननं साडेपाच मिनिटांत काम, करंटला दहाच्या वर. पूर्ण निघाला 98 टक्के बायांचा, करंटवाल्यांत 83. दुखलंही कमी. आणखी काय पाहिजे?

परभणीकर_भाऊ:
तिथं खर्च सरकारच्या अंगावर असतो ताई. मशीनचं पातं एकदा वापरून फेकायचं, इथं ते पेशंटच्याच बिलात लागतंय. आमच्या घरी तर डॉक्टरनं बारीक कात्रीनं देठ कापला, चिमट्यानं ओढून घेतला, दुपारी घरी येऊन जेवली. आधी हात कुणाचा ते बघा.

जालन्याची_ताई:
भाऊ, छोट्या देठाच्या पॉलिपला कात्री ठीकै, हा दोन सेंमीचाय. अन् हात कसाय हे आपल्याला कुठून कळणार, कंपाउंडरला विचारून?

ओटी_सिस्टर_नांदेड:
करंटनं देठ कापला तरी पॉलिप आत तरंगतच राहतो. मग चिमटा, दुर्बीण काढा, परत घाला, अन् पिशवीच्या तोंडातून जितक्या वेळा आत-बाहेर तितक्या वेळा बाई कळवळते. मशीनच्या नळीला टोकाशी खिडकी असते, सक्शननं गाठ तिच्यात ओढली जाते, पातं फिरतं अन् तुकडे बाहेर जाळीत जमा, तिथून बायोप्सीला. मोठ्याला मशीनच सोपं पडतं. पण पाळी गेलेल्या बायांचं तोंड आवळलेलं असतं, दुर्बीण जाड असली तर तिथं भुलीचं इंजेक्शन घ्यावंच लागतं, "काहीच दुखत नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बीडचा_मास्तर:
मला हे ओपीडीचंच पटत नाही. 2015 ला इंग्लंडातच 507 बायांचा अभ्यास आला, ओपीडीत 19 टक्के बायांचा पॉलिप निघालाच नाही, पूर्ण भूल देऊन केलं तर 7. मग दोनदा कामून सोसायचं? सरळ भूल द्या, एकदाच मोकळं व्हा.

अंबाजोगाईची_आशा:
मास्तर, त्याच अभ्यासातलं पुढचं पण सांगा की, सहा महिन्यांनी रक्तस्रावाला आराम ओपीडीवाल्या 73 टक्के बायांना अन् भूलवाल्या 80 टक्क्यांना. एवढ्या फरकापायी भुलीचा धोका अन् खर्च, शुगर-बीपीवाल्या बाईला? अन् आपल्याकडं तर रक्त जायलंय म्हटलं की "पिशवीच काढून टाका" म्हणायची सवय, 2019 च्या पाहणीत बीडच्या 82 हजार ऊसतोड बायांत 13 हजारांवर बायांच्या पिशव्या गेलेल्या निघाल्या. त्यापेक्षा ओपीडी लाख बरी. फक्त न बघता क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडणं) करू देऊ नका ताई, पॉलिप मागं राहतो. अन् पाळी गेल्यावर रक्त जातंय म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्याबिगर विषय संपत नाही.

बीडचा_मास्तर:
पिशवी काढा असं मी कुठं म्हणालो? भूल म्हणालो.

परभणीकर_भाऊ:
ताई, संभाजीनगरला फोन लावून आधी पात्याचा रेट विचारा अन् इथं टाका, मग बोलू.