वर्ग मोफत, तरी गरीब पालक येत नाहीत : मग ते बेफिकीरच का?

रात्रपाळी :
परवा एका धाग्यावर 'सडेतोड' यांनी लिहिलं, "मुलांच्या लठ्ठपणावरचे वर्ग मोफत, तपासणी मोफत, तरी गरिबाघरचे आईबाप फिरकत नाहीत. ज्यांना स्वतःच्या पोराची फिकीर नाही त्यांच्यावर पैसा कशाला घालवायचा?" तिथेच उत्तर लिहायला बसले, ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

मोफत म्हणजे काय हो? वर्ग दुपारी चारला. तासांवर पगार घेणारी बाई तेव्हा कामावर असते. लवकर निघाली की तेवढे पैसे कापले जातात. शिवाय दारावर पाटी : 'भावंडांना आणू नये'. धाकट्याला ठेवायचं कुठे? अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाची, म्हणजे आजार टाळण्याबाबत सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाची, शिफारस आहे की अशा उपचारात कुटुंबाशी किमान २६ तासांचा संपर्क हवा. आमच्यासारख्यांनी हे २६ तास झोपेतून काढायचे की पगारातून? दोन वर्ग बुडले की नाव कापतात आणि अहवालात लिहितात 'पालकांची अनास्था'. मी धाकट्याला कडेवर घेऊन गेले होते, दारातून परत पाठवलं. त्यांच्या वहीत मीही अनास्थाच.

सडेतोड :
नाव घेऊन लिहिलंत, बरं झालं. आता ऐका. मी निवृत्त माणूस, असा एक वर्ग फुकट चालवतो. चारला जमत नाही म्हणाले, सातला ठेवला. सातला जमत नाही, सुटीच्या दिवशी ठेवला. येण्याजाण्याचं भाडं दिलं, तर पहिल्या दिवशी भाडं घ्यायला गर्दी आणि पुढच्या वेळी मी आणि रिकाम्या खुर्च्या. गरिबीत मीही वाढलोय. आमची आई दिवसभर राबून आली तरी घरात सगळ्यांचं रांधायची. परिस्थितीचं भांडवल करणं सोपं असतं.

आकडेमोड :
काका, तुमच्या आईंना नमस्कार, पण त्या काळी पोरांच्या मागे चोवीस तास गोड पेयांच्या जाहिराती नव्हत्या.

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये २००९-१० ते २०१६-१७ या काळात चार-पाच वर्षांच्या मुलांमधला लठ्ठपणा ९.४ वरून ८.८ टक्क्यांवर आला, सर्वात वंचित भागात ११.५ वरून १०.५ वर. तिथे 'हेन्री' नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात पालकांना व्याख्यान देत नाहीत. घरात काय अडतंय ते विचारतात आणि तिथून पुढे जातात. ॲमस्टरडॅममध्ये जादा वजनाच्या आणि लठ्ठ मुलांच्या प्रमाणात २०१२ ते २०१५ मध्ये पालिकेने सांगितलेली घट आधीच्या प्रमाणाच्या १२ टक्के, गरीब कुटुंबांत त्याहून जास्त. म्हणजे गरीब कुटुंबं येतात. बोलावण्याची रीत बघा.

शंकेखोर :
घट झाली खरी, पण त्या कार्यक्रमानेच झाली कशावरून? ॲमस्टरडॅमच्या आकड्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यांनी शाळेतली पेयं बदलली, झोपेवर काम केलं, जंक फूडवाल्यांचं प्रायोजकत्व नाकारलं. यातलं नेमकं काय लागू पडलं, सांगा बघू.

आकडेमोड :
बरं बाबा, 'कार्यक्रमाच्या काळात घट झाली' असं वाचा. झालं समाधान?

मोकळं_मैदान :
सगळे वर्गाबद्दलच बोलताय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी. करायची कुठे? आमच्या इमारतीमागच्या मैदानावर गाड्या लागतात. तक्रार केली तर म्हणे पोरं आरडाओरडा करतात. आधी मैदान द्या, मग वर्ग काढा.

तिरकस :
मैदानाचा वेगळा धागा काढा, मी पहिला +१ देतो. मला वेगळंच म्हणायचंय. पालक का येत नाहीत? कारण सुरुवातच वजनकाट्याने होते. माझ्या भाचीला सगळ्यांसमोर काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. मागची पोरं हसली. घरी येऊन ती जेवली नाही. त्यानंतर बहिणीने त्या कार्यक्रमाचं नाव काढू दिलं नाही. मीही देणार नाही.

शाळेतली_नर्स :
झालं, आता आम्हीच खलनायक! न मोजता कळणार कसं? लठ्ठपणा ठरतो तो बीएमआयवरून, म्हणजे वजन आणि उंचीवरून काढलेला आकडा मुलाच्या वय आणि लिंगानुसार ताडून. नुसत्या डोळ्यांना फसायला होतं. इंग्लंडात पहिल्या आणि शेवटच्या प्राथमिक वर्गातल्या मुलांचं वजन-उंची दरवर्षी घेतात. तुमच्या आकडेमोडींचे लीड्सचे आकडेही त्यातूनच आले. काट्यावर राग असेल तर ते आकडेही वापरू नका.

तिरकस :
मोजा की, कोण नको म्हणतंय? पण मोजून घरी चिठ्ठी पाठवली की काम संपलं? कॅलिफोर्नियात ७९ शाळांत हेच तपासलं. घरी बीएमआयचा अहवाल पाठवून मुलांच्या वजनात काही फरक पडला नाही. चिठ्ठी वाचून त्या बाईने करायचं काय, हे कुणी सांगायचं?

शाळेतली_नर्स :
कुणी सांगायचं म्हणजे? मीच सांगते, आणि वर शिव्या खाते. शेकडो मुलं, मी एकटी, खोली एकच. एका आईने चिठ्ठी माझ्या टेबलावर आपटली, "माझं पोर खातंय ते दिसतं, मी काय खाते ते विचारलंत का?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही इथे बसून ज्ञान पाजळा.

रात्रपाळी :
नर्सताई, त्या आईने विचारलं तेच मी विचारतेय. तुमच्यावर राग नाही. मोजायला नेमतात आणि पुढचं करायला माणूस देत नाहीत, हे तुमचंही दुखणं आहे. आणि काका, तुमच्या रिकाम्या खुर्च्या खऱ्याच असतील. पण न आलेल्यांपैकी एकाच्या तरी घरी जाऊन का आला नाहीत ते विचारलंत का?

सडेतोड :
घरी? आता दारोदार फिरून आमंत्रणं देऊ? अक्षता पण घेऊन येतो! …फोन केले होते. निम्म्यांनी उचलले नाहीत. एक जण म्हणाला, वर्गात सगळ्या बायका, मला एकट्याला बसवत नाही. ते मात्र मला सुचलं नव्हतं. भावंडांना आत घेतो, चला. पण पोरांनी धुडगूस घातला की ह्या धाग्याची लिंक पाठवणार सगळ्यांना.

मोकळं_मैदान :
मैदान असतं तर धुडगूस बाहेर घातला असता.

तिरकस :
हे बरोबर बोलले. पण माझं उत्तर राहिलं. भाचीचं वजन मोठ्याने का वाचलं?

शाळेतली_नर्स :
कारण लिहिणारी दुसरी होती आणि ती खोलीच्या त्या टोकाला बसायची. पडद्याची मागणी केलीय, मंजूर झाली की कळवते. तोवर आकडा मीच लिहिते, तोंडातून काढत नाही. खूश?

तिरकस :
पुढच्या पोराला दिसणार नाही असा लिहा.