रोडवर पाणी ठेवलंय, पण लोक घ्यायला कचरतात. काय करावं?

पारोळा रोड
राम राम मंडळी. आमचं घर पारोळा-एरंडोल रोडला लागूनच आहे. समोर एसटी हात दाखवला की थांबते, पण शेड वगैरे काही नाही, एक निंबाचं झाड आहे तेवढंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो हे तुम्हाला काय सांगू, आणि त्या उन्हात लेकरं कडेवर घेऊन बाया उभ्या असतात, मजूर असतात, म्हातारी माणसं असतात. म्हणून ओट्यावर माठ ठेवला, वर ग्लास ठेवला, आणि सगळ्यांना सांगतो की पाणी घ्या. पण बरेच जण नुसते माठाकडे बघतात आणि नको म्हणतात. घसा कोरडा पडलेला दिसतोय तरी नको. आईने तर एका आजीला अहिराणीतच म्हटलं, ये माय, बठ, पानी पी ले, तर ती हसली आणि तिथेच उन्हात उभी राहिली. असं का होतं, आणि काय बदलायला पाहिजे?

तापीकाठ
भाऊ, माठ ओट्यावर आहे ना, तिथेच अडतंय सगळं. ओटा म्हणजे घर झालं. अनोळखी माणूस दुसऱ्याच्या ओट्यावर चढत नाही, त्यात बाई एकटी असेल तर नाहीच नाही. माठ झाडाखाली रोडच्या बाजूला न्या, तोटीवाला घ्या म्हणजे आत कोणी हात बुडवला की काय ही शंका राहत नाही, आणि ग्लास साखळीने बांधा. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. माठ रोज घासून भरायचा, हे मात्र चुकवू नका, शेवाळ दिसलं की लोक परत थांबत नाहीत.

धुळेकर ताई
तापीकाठ दादा बरोबर बोलले पण मला अजून एक सांगायचंय, आणि हे मनापासून लिहितेय. आपल्याकडे पाणी देणं ही काही साधी गोष्ट नव्हती. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि गावागावात ओंजळीत वरून पाणी ओतून घेतलेली माणसं अजून आपल्यात आहेत. अशी आजी तुमच्या ओट्यापुढे उभी राहिली की तिला आधी हाच प्रश्न पडत असेल की हे घर कोणाचं, आपण चढलेलं यांना चालेल का. त्या आजीच्या मनात हेच होतं असं मी म्हणत नाही, पण असू शकतं. म्हणून कोणी द्यायचं आणि कोणी घ्यायचं असं ठेवूच नका. तोटी तिची तिने फिरवावी, कोणाला आपलं नाव, गाव, जात सांगायला लागू नये. आणि सारखं घ्या घ्या पण म्हणू नका, तुम्ही आत आपलं काम करत रहा.

नंदुरबार ST
ताई, एकदम पटलं.
मी रोज एसटीने जातो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्ध तिकीट, तर आता म्हातारी माणसं एकटी पण निघतात, आणि त्यातल्या किती जणांना बोर्ड वाचता येत नाही. ती पण विचारत नाहीत, नुसती प्रत्येक गाडीकडे बघत राहतात. मी आता गाडी लागली की मोठ्याने बोलतो, ही शहाद्याची आहे, ही साक्रीची आहे, जसं काही मी माझ्याशीच बोलतोय, ज्याला जायचं तो चढतो. पारोळावाले भाऊ, तुमच्या झाडाला एक पाटी लावा पण गाडी आली की ओरडून पण सांगा.

सप्तशृंगी पायी
चैत्रात आम्ही खान्देशातून वणीच्या गडावर पायी जातो, धुळे मालेगाव मार्गे. रस्त्यात लोक सरबत देतात, चहा देतात, पायाला फोड आले तर पट्टी करून देतात, आणि कोण कुठला ते कोणी विचारत नाही, चला भो बसा एवढंच. माझं म्हणणं, गडाला जाणाऱ्याला आपण असं करतो तर कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला पण तसंच करावं.

भुसावळ नर्सिंग
एक महत्त्वाचं, प्लीज सगळ्यांनी वाचा. उन्हात उभा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चक्कर येऊन पडला, अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, साध्या पाण्याने अंग ओलं करून वारा घाला, आणि लगेच १०८ ला फोन. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी अजिबात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर असेल तरच घोट घोट द्या.
आणि तुमचं घर हायवेला आहे म्हणून सांगते, अ‍ॅक्सिडेंट झाला तर पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्यावर त्यासाठी केस होत नाही आणि नाव नंबर द्यायची सक्ती करता येत नाही.

पारोळा रोड
सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून आईला पण दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली माठ उद्याच खाली ठेव. तोटीवाला घेतोय. घेताना काय बघू?

तापीकाठ
दुकानातच पाणी भरून थोडा वेळ ठेवायला सांगा. सगळीकडून पाझरला तर चांगलंच, गार राहील, पण तोटीच्या जोडाजवळून थेंब पडला तर तो घेऊ नका.