रिंग ऑसिलेटर पीयूएफ: वेगवेगळ्या एफपीजीएंवर बिट सारखेच का येतात?

प्रश्न:
पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी एफपीजीएवर (हवे ते सर्किट मांडता येणाऱ्या चिपवर) रिंग ऑसिलेटरचे पीयूएफ बांधत आहे. पीयूएफ म्हणजे चिपच्या निर्मितीतल्या सूक्ष्म फरकांतून तिची स्वतःची ओळख काढणारे सर्किट, आणि रिंग ऑसिलेटर म्हणजे आपोआप सतत 0-1 उलटत राहणारे गेटांचे वळे. एकूण 256 ऑसिलेटर असून प्रत्येकात एक नँड गेट आणि चार इन्व्हर्टर आहेत. काउंटरने वारंवारिता मोजून जोडीतला कोणता ऑसिलेटर वेगवान आहे यावरून एक बिट ठरतो, म्हणजे एकूण 128 बिट मिळतात. एकच बिटस्ट्रीम (एफपीजीएत भरायची रचनेची फाइल) पाच बोर्डांवर चढवली, तर शंभराच्या आसपास बिट पाचही बोर्डांवर तेच येतात. एका बोर्डावर मात्र वाचन उत्तम स्थिर आहे. हे बिट कूटलेखनाच्या किल्लीसाठी वापरता येतील का?

उत्तर:
नाही. बिट खरोखर यादृच्छिक असते, तर पाचही बोर्डांवर निव्वळ योगायोगाने 128 पैकी सुमारे 8 बिटच जुळले असते. आपण सिलिकॉनमधली तफावत मोजत नसून राउटिंग (तारांची मांडणी) मोजत आहात. रचना मांडणाऱ्या सॉफ्टवेअरने (टूलने) एका ऑसिलेटरची तार लांबून नेली की तो प्रत्येक चिपवर मंदच राहणार, आणि आपल्याला दिसणारी स्थिरताही बरीचशी त्यातूनच येते. एका ऑसिलेटरचे प्लेसमेंट व राउटिंग गोठवून त्याच्याच तंतोतंत प्रती मांडा. लूकअप टेबलच्या (एफपीजीएत गेटाचे काम करणाऱ्या छोट्या तक्त्याच्या) इनपुट पिनाही बांधून टाका, कारण प्रत्येक पिनेचा विलंब निराळा असतो आणि टूल त्या न विचारता बदलते (हे अनेकांच्या नजरेतून सुटते). तुलना शेजारच्या ऑसिलेटरांचीच करा, कारण चिपच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वेग हळूहळू बदलत जातो. सुह आणि देवदास यांनी 2007 मध्ये 15 एफपीजीएंवर याच पद्धतीने चिपा-चिपांतले सरासरी अंतर (वेगळ्या आलेल्या बिटांचे प्रमाण) सुमारे 46 टक्के मिळवले होते. आदर्श आकडा 50 आहे.

दुसरे उत्तर:
राउटिंग सुधारल्यावर काही बिट तापमानाबरोबर उलटू लागतील, तेव्हा दचकू नका. जोडीतल्या वारंवारिता जवळजवळ असल्या, तर चिप तापताना त्यांचा क्रम बदलतो. आठ ऑसिलेटरांच्या गटातून सर्वाधिक फरकाची जोडी निवडली की असे बिट फार कमी होतात. बिटांची संख्या घटते, पण माझ्या मते हा सौदा परवडतो. तरीही किल्ली कच्च्या बिटांतून थेट घेऊ नये. फझी एक्स्ट्रॅक्टर (वाचनातल्या चुका दुरुस्त करून स्थिर किल्ली काढणारी पद्धत) लावावा. त्याचा हेल्पर डेटा (दुरुस्तीसाठी साठवलेली माहिती) उघड राहिला तरी चालेल अशी रचना करता येते, पण त्यात कोणी फेरफार केला तर तो ओळखता आला पाहिजे. आणखी एक विचारतो: आपण सर्व ऑसिलेटर एकदम चालू ठेवता का? तसे केल्यास ते एकमेकांच्या वेगावर परिणाम करतात.

प्रश्नकर्ता:
होय, एकदमच चालू होते. आता मोजायची जोडीच चालू ठेवतो. पिना बांधून आणि प्रती मांडून पुन्हा मोजले, तेव्हा पाचही बोर्डांवर जुळणारे बिट 11 वर आले. त्यांतले बहुतेक काउंटरला लागून असलेल्या स्तंभातले आहेत. तो स्तंभ वगळून पाहतो.