मदत हवी आहे: मार्टिनीसाठी जिन की व्होडका? (शनिवारच्या आत सांगा)

सारंग_कोथरूड
मंडळी, घाईत आहे, म्हणून थेट विचारतो. शनिवारी घरी बैठक आहे. बायकोचा चुलतभाऊ टोरांटोहून आलाय आणि त्याला मार्टिनीच लागते (जिन किंवा व्होडकात व्हर्मूथ ही वनस्पती घातलेली वाइन मिसळून गार केलेलं कॉकटेल). काल रंगीत तालीम म्हणून करून बघितली, तर गोडसर लागली आणि वर घशाला चरका. बायकोने एक घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवला. आता जिन बदलू की सरळ व्होडका आणू? पैशांचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. उद्या दुपारी दुकानात जाणार आहे. आगाऊ धन्यवाद.

निशिगंधा
जिन कुठली, व्हर्मूथ कुठली, माप काय, बर्फात ढवळली की हलवली? यातलं काहीच लिहिलेलं नाही. एक मात्र आत्ताच सांगते. ड्राय जिनमध्ये साखर नसते, त्यामुळे गोडवा तिच्यातून आलेला नाही.

हेमंत_लंडन
जिन. यावर चर्चाच नको. ज्युनिपरचा (जिनला तिची खास चव देणाऱ्या फळाचा) वास, धण्याचा, लिंबाच्या सालीचा वास आणि त्याला व्हर्मूथमधल्या वनस्पतींची जोड, याला मार्टिनी म्हणतात. व्होडका घातली की उरतो तो गार अल्कोहोल. इथे सेंट जेम्स भागात ड्यूक्स म्हणून बार आहे. तिथे जिन फ्रीझरमधून काढतात, गोठवलेल्या ग्लासात व्हर्मूथ फिरवून ओतून देतात, वरून जिन आणि लिंबाची साल. ढवळणं नाही, बर्फ नाही. सारंगराव, जिनची बाटली आजच फ्रीझरमध्ये टाका. बाकी काही करू नका.

विनय_पर्वरी
हेमंतराव, ड्यूक्समध्ये एका माणसाला दोनच देतात, हेही सांगा. पाण्याचा थेंब नाही म्हणून ती एवढी जड असते. सारंगचा पाहुणा गप्पा मारायला येतोय, पहिल्या ग्लासात आडवं व्हायला नाही. मी बारच्या मागे उभा राहून पोट भरतो, त्या अनुभवावरून सांगतो. मार्टिनीत पाणी हा घटकच आहे. ६० मिली जिन, १० मिली ड्राय व्हर्मूथ, मोठ्या भांड्यात भरपूर बर्फ आणि अर्धा मिनिट शांतपणे ढवळायचं. बर्फ वितळून जे पाणी उतरतं, त्याने घशाचा चरका जातो. आपल्याकडची जिन बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते, तिला एवढं पाणी हवंच.

सारंग_कोथरूड
जिन गोव्याचीच आहे, ग्रेटर दॅन. व्हर्मूथ मार्टिनी कंपनीचीच आणली होती, ती घरात होती. माप अंदाजाने. मला फक्त जिन की व्होडका एवढं सांगा ना.

निशिगंधा
'घरात होती' म्हणजे कधीपासून आणि कुठे? आणि बाटलीवर एक्स्ट्रा ड्राय लिहिलंय, बियांको की रोसो? त्या कंपनीच्या तिन्ही मिळतात आणि चवीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आबा_सदाशिव
विषयाला धरूनच विचारतो. महाराष्ट्रात कडक मद्याला वय २५ पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवाना लागतो, हे पाहुण्याला माहीत आहे का? एक दिवसाचाही मिळतो आणि आजन्मही. आणि बाटली 'गोव्याचीच' म्हणजे तिथून गाडीत घालून आणली असेल, तर इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी असते. नियम पाळून काय ते करा.

विनय_पर्वरी
आबा, ग्रेटर दॅन बनते गोव्यात, पण पुण्यातही दुकानात मिळते. मूळ प्रश्नाकडे या.

दर्यावर्दी
जिनही नको आणि व्होडकाही नको. कॅनडाच्या माणसाला मार्टिनी तिकडे कुठेही मिळते. त्याला उर्राक पाजा, काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची हलकी दारू! लिमका, मीठ, मध्ये चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबू. हंगाम असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. हंगाम संपला असेल तर काजूची फेणी आणा, तिला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. परक्या देशातून आलेल्या माणसाला आपलं काहीतरी द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सारंग_कोथरूड
बघून आलो. बियांको आहे. दिवाळीत उघडली होती, तेव्हापासून काचेच्या कपाटात. फेणी नको, बायको वासानेच घराबाहेर जाईल.

निशिगंधा
झालं, उत्तर मिळालं. बियांको चांगलीच गोड असते. शिवाय व्हर्मूथ ही मुळात वाइन आहे, थोडा अल्कोहोल आणि औषधी वनस्पती घालून वाढवलेली. उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. पुण्याच्या उन्हाळ्यात कपाटात राहिलेली व्हर्मूथ बेचव आणि आंबूस होते. तुमची ग्रेटर दॅन उत्तम आहे, तिला हात लावू नका. फक्त एक्स्ट्रा ड्राय आणा. मोठी मिळाली तरी चालेल, उरलेली रविवारी कोळंबीच्या रश्श्यात वापरा. पांढऱ्या वाइनच्या जागी छान लागते.

हेमंत_लंडन
आणि म्हणूनच मी म्हणतो, व्हर्मूथ कमी घाला. अगदी फिरवून ओतून द्या.

निशिगंधा
नाही पटत. खराब व्हर्मूथ प्यायलेले लोकच व्हर्मूथला घाबरतात. ताजी असेल तर चारास एक घालून बघा, जिन किती मोकळी होते ते कळेल. निव्वळ गार जिन प्यायची असेल तर तिला जिनच म्हणा की.

अनुजा_म
मध्येच सांगते, घरी मार्टिनीचे ते उलट्या त्रिकोणाचे ग्लास असतील तर २०० मिलीच्या वरचे घेऊ नका. अर्धे रिकामे दिसतात म्हणून माणूस जास्त ओततो आणि शेवटचे घोट कोमट होतात. छोटे ग्लास, आधी फ्रीझरमध्ये. कोमट मार्टिनी कुणालाच आवडत नाही.

विनय_पर्वरी
अनुजाताईंना +१. सारंग, आता महत्त्वाचं. पाहुणा मार्टिनी पितो म्हणतोस, पण *कशी* पितो? साल घालून, ऑलिव्ह घालून, की ऑलिव्हचं पाणी घालून? हे न विचारता जिन की व्होडका ठरवताच येत नाही.

सारंग_कोथरूड
बायकोने त्याच्या बहिणीला फोन केला. तो 'डर्टी, थ्री ऑलिव्ह्ज' असं मागतो म्हणे. ऑलिव्ह आहेत घरात, पिझ्झ्यासाठी आणलेले काळे काप.

विनय_पर्वरी
मग व्होडका आण. आता हेमंतराव रागावतील, पण ऐका. डर्टीमध्ये ऑलिव्हचं खारं पाणी हीच मुख्य चव. ज्युनिपर आणि ते मीठ एकमेकांशी भांडतात. व्होडकाला स्वतःचा वास नसल्यासारखाच असतो, त्यामुळे खारटपणा स्वच्छ उतरतो आणि जिभेवर थोडा जाडपणा येतो, तो लोकांना आवडतो. ६० मिली व्होडका, १० मिली एक्स्ट्रा ड्राय, १० ते १५ मिली ऑलिव्हच्या बाटलीतलं खारं पाणी. काळे काप अजिबात नकोत. अख्खे हिरवे, मिठाच्या पाण्यातले आण, तेलातले नाही. पाणी गाळून घे, नाहीतर तळाशी गाळ दिसतो. आधी चाखून बघ. काही बाटल्यांत व्हिनेगर जास्त असतं, मग ५ मिलीवरच थांब.

हेमंत_लंडन
रागावलो नाही. पण घरमालकाने स्वतःसाठी तरी जिनची करावी. पाहुणा त्यातला घोट घेऊन बघेल, तेवढीच आशा.

दर्यावर्दी
डर्टीच हवी असेल तर घरच्या कैरीच्या लोणच्याचा खार घालून बघितलाय का कुणी?

निशिगंधा
नको. त्यात तेल, मोहरी आणि हिंग असतो. मिठातल्या कैरीचं पाणी असेल तर एक वेळ विचार करू.

सारंग_कोथरूड
ठरलं. व्होडका, एक्स्ट्रा ड्राय, हिरवे ऑलिव्ह. माझ्यासाठी जिन. सहा माणसं आहेत, दरवेळी ढवळत बसायचं का? आणि माझ्या ग्लासाला साल कुठल्या लिंबाची?

विनय_पर्वरी
जिनची आदल्या रात्रीच करून ठेव. धुतलेल्या ७५० मिलीच्या बाटलीत ५०० जिन, ८५ व्हर्मूथ, १०० पिण्याचं पाणी, झाकण लावून फ्रीझरमध्ये. बर्फातून यायचं ते पाणी आधीच घातलंय, त्यामुळे ढवळायची गरज नाही, सरळ ओतायची. व्होडकाचीही तशीच कर, फक्त ऑलिव्हचं पाणी ग्लासात ओतताना घाल, प्रत्येकाच्या चवीने. कागदी लिंबाची साल पातळ असते, तिच्यातून तेल कमी आणि कडवटपणा जास्त निघतो. ईडलिंबू मिळालं तर उत्तम, नाहीतर मंडईजवळच्या मोठ्या दुकानात पिवळं जाड सालीचं लिंबू बघ. साल रुंद काढ, आतला पांढरा भाग घेऊ नकोस, आणि ग्लासावर धरून पिळ. पृष्ठभागावर तेलाचे बारीक ठिपके दिसले की झालं.

आबा_सदाशिव
सहा माणसं म्हणजे परवानेही सहा, एवढं लक्षात असू द्या.