‘कार्ड ३०० च्या वर’: गल्ल्यावरची ही पाटी हवी की नको?

हिशेबनीस

नाशिकमध्ये मेन रोडवर जा, शालिमारला जा, नाहीतर कॉलेज रोडला. गल्ल्याशेजारी हाताने लिहिलेला एक कागद दिसतोच: ‘कार्ड ३०० च्या वर’. कुठे २००, कुठे ५००. ही अट दुकानदारांनी काढून टाकावी असं माझं ठाम मत आहे, कारण तिच्यामागचा हिशेब आपल्याकडे लागूच पडत नाही.

क्रेडिट कार्डावर बँक दुकानदाराकडून जे कमिशन कापते, म्हणजे एमडीआर, ते साधारण दीड ते अडीच टक्के असतं. २ टक्के धरा. ८० च्या बिलावर १ रुपया ६० पैसे गेले, ८०० च्या बिलावर १६ रुपये. शंभरामागे दोन्हीकडे दोनच. अमेरिकेत टक्केवारीशिवाय प्रत्येक व्यवहारामागे काही सेंट ठरावीक कापले जातात, म्हणून दोन-तीन डॉलरच्या बिलावर बोजा फार वाढतो. त्यावर उपाय म्हणून तिथल्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने क्रेडिट कार्डासाठी १० डॉलरपर्यंत किमान खरेदीची अट घालायची मुभा दिली. डेबिट कार्डासाठी तिथेही नाही. आपल्याकडे अट तेवढी आली, तिचं कारण आलं नाही.

उलट आपल्याकडे छोटं बिल थोडं स्वस्तच पडतं. २००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारात बँकेच्या कमिशनवर जीएसटी नाही. १९०० च्या बिलावर २ टक्क्यांनी ३८ रुपये कापले जातील. २१०० च्या बिलावर ४२, आणि त्यावर १८ टक्के म्हणजे ७ रुपये ५६ पैसे, एकूण ४९ रुपये ५६ पैसे. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या, दुकानदाराला तो जीएसटी परतही मिळत नाही.

शिवाय व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांप्रमाणे भारतातल्या दुकानदाराला किमान रकमेची अट घालताच येत नाही. मशीन देणाऱ्या बँकेमार्फत हे नियम दुकानदारावरही बंधनकारक असतात.

दहीपूल_किराणा

शेकडा सारखा आहे हो, पण नफा सारखा नाही. तुमच्या सगळ्या गणितात हीच गोष्ट राहिली.

८० रुपयांचं बिल किराणा दुकानात कशाचं होतं? दुधाची पिशवी, पाव, किलोभर साखर. पिशवीच्या दुधात लिटरमागे रुपया-दोन रुपये सुटतात. ६० रुपयांच्या लिटरवर २ टक्के म्हणजे १ रुपया २० पैसे. मग पहाटे कॅरेट उचलायचं, फ्रीजचं बिल भरायचं, फुटलेली पिशवी अंगावर घ्यायची, ते कशासाठी? साखर-तेलातही दोन-चार टक्क्यांच्या पुढे काही नाही. ३०० च्या वरच्या बिलात साबण, मसाले, बिस्किटं, चहा येतो. त्यात आठ-दहा टक्के सुटतात आणि ते दुधाचा तोटा ओढून नेतात. ३०० चा आकडा हवेतून आलेला नाही, तो कमी-जास्त नफ्याचा माल मिसळलेल्या बिलाचा आकडा आहे.

आणि वेळेचं काय? संध्याकाळी सातला गल्ल्यावर सहा माणसं उभी असतात. कार्ड घाला, पिन दाबा, ‘कनेक्टिंग’ बघत बसा, स्लिप फाडा. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर मशीनच्या सिमला रेंज येत नाही, मग मशीन हातात घेऊन ओट्यावर यावं लागतं. चाळीस रुपयांसाठी हे परवडत नाही.

हिशेबनीस

दुधाचं तुमचं म्हणणं मान्य, अगदी पैशासकट मान्य. पण मग अट मालावर घाला, बिलावर कशाला? तुमच्या पाटीप्रमाणे ६०० रुपयांचं नुसतं तेल आणि साखर घेणाऱ्याचं कार्ड चालतं, त्यात तुमचा निम्मा, कधी सगळाच नफा बँकेला जातो. आणि ९० रुपयांच्या साबणाला, जिथे ९ रुपये सुटतात आणि १ रुपया ८० पैसे जातात, तिथे तुम्ही गिऱ्हाईक परत पाठवता.

मशीनच्या भाड्याचाही विचार करा. समजा महिन्याला ३०० अधिक जीएसटी, म्हणजे ३५४ रुपये. महिन्यात १० कार्डं चालली तर एका व्यवहारावर ३५ रुपये ४० पैसे भाडं बसलं. १५० चालली तर २ रुपये ३६ पैसे. छोटी बिलं नाकारून हे भाडं तुम्हीच महाग करून घेता.

वेळेवर उपाय आहे. जानेवारी २०२१ पासून ५००० रुपयांपर्यंत टॅप करून पिनशिवाय पैसे घेता येतात. कार्ड गिऱ्हाइकाच्याच हातात ठेवा, मशीनच्या पडद्यावर आडव्या वायफायसारखं चिन्ह दिसतं तिथे टेकवायला सांगा, आवाज येईपर्यंत हलवू देऊ नका. घाईत कार्ड लगेच उचललं जातं, व्यवहार अर्धवट राहतो आणि लोक म्हणतात टॅप चालत नाही. पाकिटासकट टेकवलं तर आतली दोन कार्डं एकदम वाचली जातात, तेव्हाही अडतं. गिऱ्हाइकाची स्लिप मागितली तरच काढावी, रोल दुप्पट चालतो.

औषधे_सिडको

औषध दुकानात तरी ही पाटी नकोच. अनुसूचित औषधांच्या, म्हणजे सरकार ज्यांची कमाल किंमत ठरवतं त्यांच्या, किमतीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के धरलेलेच असतात, त्यातून २ टक्के गेले तरी काही बुडत नाही. रात्री अकराला तापाची एक स्ट्रिप घ्यायला आलेल्या माणसाला ‘३०० चं काहीतरी घ्या’ सांगणं बरोबर नाही. आणि तो खरंच ३०० चं घेतो, हे त्याहून वाईट. नको असलेली औषधं घरच्या डब्यात पडून मुदत संपवतात.

गंगापूर_रोड

पाटीवर ‘कार्ड’ लिहिलेलं असतं, ‘क्रेडिट कार्ड’ नाही. माझा खरा आक्षेप हा आहे. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. बाकीच्या डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: आदल्या वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के. म्हणजे लहान दुकानात १०० रुपयांना ४० पैसे. ते कार्ड कशासाठी नाकारायचं? गल्ल्यावरच्या पोराला कार्डावर छापलेलं ‘डेबिट’ वाचायला शिकवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

काही दुकानदार किमान अट काढतात आणि ‘दोन टक्के वर’ मागतात. ते तर जास्त चुकीचं. डेबिट कार्डावर असा आकार रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत बसत नाही, आणि पॅकबंद मालावर छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर वैधमापन (वजनमाप आणि छापील किमतीच्या) नियमांचा भंग होतो.

दहीपूल_किराणा

दोन टक्के वर घेणं मलाही पटत नाही. डेबिटचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पाटीवर ‘क्रेडिट’ लिहायलाच हवं.

पण क्यूआर समोर असताना ४० रुपयांना क्रेडिट कार्डच का? यूपीआयने बँक खात्यातून आले तर मला पूर्ण चाळीस मिळतात. कार्डाचे पॉइंट गिऱ्हाइकाला, खर्च माझ्याकडे, ही वाटणी मला मान्य नाही. आणि ही गोष्ट पाटी लावून उघड सांगणं, ‘मशीन बंद आहे’ असं खोटं सांगण्यापेक्षा कधीही चांगलं.

हिशेबनीस

‘मशीन बंद’ म्हणण्यापेक्षा पाटी बरी, यात वाद नाही. क्यूआर पुढे करायलाही माझी हरकत नाही. फक्त एक खाचखळगा ध्यानात ठेवा: २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. गिऱ्हाईक तुमचाच क्यूआर स्कॅन करतं, स्पीकर बोलतो, सगळं नेहमीसारखं दिसतं. लहान दुकानदार म्हणून नोंद असेल तर अशा २००० रुपयांपर्यंतच्या रकमेवर एमडीआर नाही. त्यापुढे, किंवा नोंद मोठ्या दुकानाची असेल तर, कापला जातो. बऱ्याच जणांना हे सेटलमेंटची, म्हणजे बँकेने खात्यात जमा केलेली, रक्कम कमी आल्यावर कळतं. बँकेत जाऊन आपली नोंद कुठल्या गटात आहे ते विचारा. ३०० च्या पाटीपेक्षा त्या एका चौकशीने जास्त पैसे वाचतील.

पंचवटीकर

२०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून बोलूया. रामकुंडाभोवती बाहेरगावचा माणूस पाणी, प्रसाद, टॉवेल घ्यायला येणार, बिल शंभराच्या आत. पर्वणीच्या गर्दीत मोबाइलला डेटा मिळत नाही, यूपीआय फिरत राहतं, एटीएम रिकामी असतात. त्या दिवशी त्याच्याकडे कार्ड हा शेवटचा मार्ग असेल आणि समोर ‘३०० च्या वर’ची पाटी.

दहीपूल_किराणा

पंचवटीकर, डेटा नसेल तर माझं मशीनही त्याच हवेतून चालतं. आणि नेमक्या अशाच वेळी खात्यातून पैसे जातात आणि मशीनवर मंजुरी येत नाही. ४० रुपयांसाठी दहा मिनिटं वाद, मागे रांग.

पंचवटीकर

म्हणून दोन सिमची सोय असलेलं मशीन मागा, किंवा दुकानाच्या वायफायला जोडा. मंजुरीची स्लिप आली नाही तर माल देऊ नका, आणि लगेच दुसऱ्यांदा कार्ड चालवू नका. आधी मशीनमध्ये शेवटच्या व्यवहाराची स्थिती बघा. पैसे कापले गेलेच असतील तर ते व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हे दोन वाक्यांत सांगितलं की बहुतेक लोक शांत होतात.

गंगापूर_रोड

गिऱ्हाइकांसाठी: दुकानदाराशी हुज्जत घालू नका. आधीची एखादी स्लिप असेल तर तिच्यावर मशीन देणाऱ्या बँकेचं नाव, टीआयडी (मशीनचा क्रमांक) आणि एमआयडी (दुकानाचा क्रमांक) छापलेले असतात. पाटीचा फोटो आणि हे दोन क्रमांक त्या बँकेला पाठवा. तुमच्या कार्डाच्या बँकेकडे नव्हे, ही चूक फार जण करतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवता येतं.

दहीपूल_किराणा

फोटो पाठवण्याआधी दुकानदाराला एकदा विचारा, एवढीच विनंती. ३०० चा आकडा मी खोडायला तयार आहे. ‘दूध, साखर, तेल रोख किंवा यूपीआय, बाकी मालाला कोणतंही कार्ड’, असं लिहीन.

हिशेबनीस

नियमाच्या काटेकोर भाषेत तेही पूर्ण बसत नाही, कारण घेतलेलं कार्ड सगळ्या मालाला चाललं पाहिजे. पण आधीच्या पाटीपेक्षा ही पाटी मला शंभर पटींनी पटते. तेल मात्र यादीतून काढा. १५ लिटरचा डबा घेणारा माणूस एवढी रोकड घेऊन येत नाही.