व्हिटबीच्या गोट्यातील अमोनाइट : व्हिनेगरने शंख झिजला, आता हातोडा उचलावा की थांबावे?

लीड्सकर

नमस्कार. मी चार वर्षांपासून इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो आणि गेल्या वर्षापासून यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर जीवाश्म गोळा करण्याचा छंद मला लागला आहे. व्हिटबीच्या पूर्वेला असलेल्या सॉल्टविक बे येथून आतापर्यंत चौदा-पंधरा गोटे आणले. ते सर्व कड्यावरून ढासळून वाळूत पडलेले सुटे गोटे आहेत. कड्याला मी हात लावलेला नाही. त्यांपैकी एका चपट्या गोट्याच्या कडेला अमोनाइटच्या (वेटोळ्या शंखाच्या, आता नाहीशा झालेल्या समुद्री प्राण्याच्या) शंखाची बारीक रेघांची पाठ जेमतेम दोन इंच उघडी दिसत होती. उरलेला दगड उतरवावा म्हणून, कुठेतरी वाचल्याचे आठवून, मी तो रात्रभर स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला. सकाळपर्यंत बुडबुडे येत होते. दगड थोडा मऊ झाला हे खरे, परंतु शंखाचा जो भाग उघडा होता त्यावरील रेघा पुसट होऊन तो चुन्यासारखा पांढरट पडला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. व्हिनेगरचे प्रमाण चुकले की पद्धतच चुकली? उरलेले गोटे हातोड्याने फोडावेत काय, आणि फोडायचे तर कोठे घाव घालावा? तिसरी गोष्ट थोडी वेगळी आहे. डॉर्सेटमधील चारमथच्या किनाऱ्यावर मला सोनेरी रंगाचा, रुपयाच्या नाण्याएवढा एक अमोनाइट सापडला होता. तो दिवाळीला रत्नागिरीला नेऊन आईला द्यावा असे मनात आहे. तो तेथील हवेत टिकेल ना?

दगडफोड्या

आपण सुटे गोटेच उचलता हे वाचून बरे वाटले. तेथील कडे सतत ढासळत असतात, त्यामुळे कड्याच्या पायथ्याशी बसून दगड फोडणे हा शुद्ध आततायीपणा होय. त्याशिवाय भरतीचे पाणी थेट कड्याला भिडते. ओहोटी चालू असतानाच खाली उतरावे आणि पाणी परत फिरण्यापूर्वी वर यावे.

आता गोट्यांविषयी. सॉल्टविकचे गोटे साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरील चिखलात तयार झाले. कुजणाऱ्या शंखाभोवती चुनखडीयुक्त द्रव्य साचत जाऊन चिखल तेथे घट्ट झाला. नंतर वरच्या थरांच्या ओझ्याने बाकीचा चिखल दबून पातळ शेल, म्हणजे पापुद्र्यांचा मऊ दगड, झाला. गोट्यातील शंख मात्र फुगीर राहिला. म्हणूनच शेलमध्ये सापडणारे अमोनाइट पापडासारखे चेपलेले असतात आणि गोट्यातले जसेच्या तसे. शंख बहुधा गोट्याच्या चपट्या बाजूंना समांतर, आडवा झोपलेला असतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर अर्धे काम झाले.

घाव घालण्यापूर्वी गोटा हातात फिरवून त्याची संपूर्ण कड पाहावी, ओली करून पाहावी. आपल्याला दिसली तशी पाठ कडेला एका ठिकाणी उघडी असेल तर शंखाची पातळी कळते. ज्या गोट्याच्या कडेला काहीच दिसत नाही, तो फोडणे म्हणजे लॉटरीचे तिकीट काढणे. मी तसे पुष्कळ फोडले आहेत आणि बहुतेक रिकामे निघाले. गोटा वाळूने भरलेल्या पिशवीवर उभा धरावा, किलो-सव्वा किलोचा दगडफोडीचा हातोडा घ्यावा आणि शंखाच्या पातळीवर कडेकडेने, गोटा थोडा थोडा फिरवत घाव घालावेत. शंखाचे कवच आणि भोवतालचा दगड यांच्यामध्ये कमकुवत सांधा असतो, त्यामुळे नेमका घाव बसला की दगडाचे टवके शंखावरून आपोआप सुटतात. सुतारी हातोडा कदापि वापरू नये, कारण त्याच्या पोलादाचे तुकडे उडतात. डोळ्यांवर गॉगल हवाच. माझ्या कपाळावर एक व्रण आहे, तो गॉगल खिशात ठेवल्याचा आहे.

हातोड्याने सगळा दगड काढण्याचा मोह मात्र टाळावा. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर दगडाचे काम एअर पेनचे असते. हे पेनाएवढे, संकुचित हवेवर चालणारे हत्यार असून त्याची कठीण धातूची सुई मिनिटाला हजारो वेळा पुढे-मागे होते. सुई शंखावर न चालवता त्याला लागून असलेल्या दगडावर तिरकी टेकवली, की दगडाचा कण सुटून कवच उघडे पडते. हवेचा कंप्रेसर धरून काही शे पौंड सहज जातात आणि शेजारी आवाजाची तक्रार करतात ते वेगळेच. सुरुवातीला धातूवर नाव कोरण्यासाठी मिळणारे विजेवरचे खोदणी पेन घ्यावे. काम संथ होते, परंतु हात बसतो. बाहेरच्या वेढ्यापासून आत जावे. मधले, सर्वांत लहान वेढे सर्वांत नाजूक असतात आणि नवखा माणूस उतावीळ होऊन नेमके तेथेच नुकसान करतो. तुकडा उडाला तर काम थांबवून, तो शोधून, पातळ सायनोअॅक्रिलेटने, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूने, लगेच चिकटवावा. "नंतर चिकटवू" म्हणून डबीत ठेवलेले तुकडे पुढे कधीच जुळत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आपला अमोनाइट बहुधा डॅक्टिलिओसेरस असावा. त्याच्या बारीक बरगड्या पाठीजवळ दुभंगतात आणि सर्व वेढे दोरीच्या वेटोळ्यासारखे उघडे दिसतात. त्याचा शेजारी हिल्डोसेरस ओळखायला सोपा आहे: पाठीवर एक धार व तिच्या दोन्ही बाजूंना खाचा, आणि कुशीवर कोयत्यासारख्या वळलेल्या बरगड्या. हे नाव सातव्या शतकात व्हिटबीचा मठ स्थापणाऱ्या संत हिल्डा यांच्यावरून आले. त्यांनी प्रार्थनेने तेथील सापांचे दगड केले अशी दंतकथा आहे. दंतकथेतल्या सापांना डोके नसल्याची अडचण जुन्या विक्रेत्यांनी छिन्नीने सोडवली. डॅक्टिलिओसेरसच्या टोकाला सापाचे तोंड कोरून ते यात्रेकरूंना विकत असत.

शेवटी एक आग्रहाची सूचना : वार्निश लावू नये. वार्निश लावलेला अमोनाइट तेल चोळलेल्या वांग्यासारखा दिसतो.

रसायनवाला

व्हिनेगरचे प्रमाण चुकलेले नाही, पद्धतच चुकली आहे. स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये सुमारे ५ टक्के अॅसेटिक आम्ल असते. ते कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग पावून कॅल्शियम अॅसेटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. आपण पाहिलेले बुडबुडे त्या वायूचे. अडचण अशी, की गोट्याला बांधून ठेवणारे द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि शंखही कॅल्शियम कार्बोनेटचाच आहे. जिवंतपणी तो अॅरगोनाइटचा होता, आता बहुधा कॅल्साइटचा; ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपे. आम्लाला चोर आणि साव यांतला फरक कळत नाही. उलट शंख अधिक शुद्ध असल्याने तो आधी झिजतो. चुनखडीत अडकलेली हाडे किंवा सिलिकाने बदललेले शंख यांच्यासाठी आम्ल उपयोगी पडते, कारण तेथे जीवाश्म आणि दगड भिन्न द्रव्यांचे असतात. म्हणून कोणतेही रसायन हाती घेण्यापूर्वी हा फरक तपासावा. गोट्याच्या मागच्या, निरुपयोगी बाजूवर एक थेंब टाकून पाहिला असता तरी उत्तर मिळाले असते. झिजलेल्या रेघा परत येणार नाहीत. तो गोटा स्वच्छ पाण्यात, पाणी बदलत काही दिवस ठेवून आम्ल पूर्ण काढावे, वाळवावा, आणि शंखाची दुसरी बाजू अजून दगडाखाली आहे, ती यांत्रिक पद्धतीने उघडावी.

समुद्रातून आणलेल्या इतर गोट्यांनाही गोड्या पाण्यात काही आठवडे ठेवणे हिताचे असते, कारण आत मुरलेले मीठ वाळताना स्फटिक बनून दगडाचा पृष्ठभाग पोखरते. परंतु हा नियम आपल्या सोनेरी अमोनाइटला लावू नये.

तो पायराइटचा, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा आहे. दमट हवेत पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन लोहाचे सल्फेट व गंधकाम्ल तयार होते. सल्फेटला अधिक जागा लागते, त्यामुळे अमोनाइट आतून फुटतो. आम्लामुळे शेजारचा कागद तपकिरी होतो आणि पेटी कुजते. पांढरी-पिवळसर भुकटी आणि गंधकासारखा वास ही सुरुवातीची लक्षणे होत. गंमत अशी, की याच प्रक्रियेवर यॉर्कशायरच्या किनाऱ्याने अडीचशेहून अधिक वर्षे पोट भरले. सॉल्टविकचा शेल ढिगाऱ्यात महिनोन्महिने जाळून, त्यातील पायराइटच्या गंधकाम्लाने मातीतले अॅल्युमिनियम सुटे करून, त्यात समुद्री शेवाळाची राख किंवा मानवी मूत्र मिसळून तुरटी काढली जात असे. तेथील शेवटचे कारखाने १८७१ मध्ये बंद झाले. आपल्या घरातही अशीच एक छोटी भट्टी पेटू नये, एवढेच पाहायचे आहे.

रत्नागिरीला पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि पायराइटला ती साधारण ५० टक्क्यांच्या खाली हवी. तेव्हा उघड्या शोकेसमध्ये तो फार वर्षे टिकणार नाही. गोड्या पाण्याने झटपट धुऊन, अॅसिटोनने पाणी काढून, पूर्ण वाळवून, अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अॅक्रिलिक राळेचा पातळ थर द्यावा. थराने आर्द्रता पूर्ण थांबत नाही, म्हणून घट्ट झाकणाच्या काचेच्या डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावे. आईंना एवढी देखभाल सांगणे जड वाटत असेल तर त्यांना गोट्यातला, कॅल्साइटचा अमोनाइटच द्यावा.

भुजनिवासी

मी नोकरीनिमित्त कच्छमध्ये असतो, त्यामुळे थोडे वेगळे लिहितो. येथे जुमारा आणि झुरा भागातील ज्युरासिक थरांत अमोनाइट भरपूर आहेत. जीवाश्मतज्ज्ञ वागेन यांनी १८७० च्या दशकात त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि आजही त्यातील नावे संशोधकांच्या तोंडी असतात. पण येथे कित्येकदा शंख उरलेलाच नसतो, फक्त आतल्या पोकळीत भरलेल्या गाळाचा साचा मिळतो. त्यावर नक्षीसारख्या वळणावळणाच्या शिवणी दिसतात. शंखाच्या आतल्या कप्प्यांचे पडदे बाहेरच्या कवचाला जेथे जोडले जात, तेथील त्या रेषा होत, आणि जात ओळखण्यास त्या फार उपयोगी पडतात. तेव्हा आपल्या झिजलेल्या गोट्यावर कवच गेलेल्या जागी अशा रेषा दिसतात का, ते भिंगाने जरूर पाहावे.

आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवघरांत तुळशीच्या लग्नाला जो शाळिग्राम बाहेर निघतो, तो बहुधा नेपाळच्या काली गंडकीतला असाच गोटा, आणि त्यातले चक्र म्हणजे अमोनाइटचा ठसा. महाराष्ट्राच्या काळ्या दगडात मात्र शोधू नये. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, अमोनाइट नाहीसे झाले त्याच सुमाराचा, आणि जमिनीवर पसरलेला. त्यात समुद्री शंख कोठून येणार?

एक विनंती. प्रत्येक गोट्यावर आजच स्थळ, तारीख आणि कोणत्या थराखाली सापडला ते लिहून ठेवावे. नोंद नसलेला सुंदर अमोनाइट हा नुसता पेपरवेट असतो.

लीड्सकर

सर्वांचा आभारी आहे. भिंगाने पाहिले : पांढरट पडलेल्या जागी दोन ठिकाणी पानाच्या कातरलेल्या कडेसारख्या रेषा खरोखरच दिसतात. काल दुसरा एक गोटा वाळूच्या पिशवीवर उभा धरून फोडला. अकराव्या घावाला अर्धा टवका सुटला आणि खाली बाहेरचे दीड वेढे लखलखीत निघाले. मधला भाग अजून दगडाखाली आहे आणि खोदणी पेन मागवले आहे. रत्नागिरीला हाच नेतो. चारमथचा सोनेरी येथेच डबीत राहील. एक शंका उरली : फोडताना शंखाचा एक तुकडा उडाला आणि तो दोन भागांत तुटला आहे, आधी ते दोन भाग एकमेकांना जोडावेत की थेट शंखावर एकेक बसवावेत?

दगडफोड्या

शंखावर एकेक बसवावेत. आधी एकमेकांना जोडले आणि सांध्यात केसभर फरक पडला, तर जुळलेला मोठा तुकडा जागेवर बसतच नाही. प्रथम कोरडेच बसवून पाहावे आणि मगच सायनोअॅक्रिलेटचा एक थेंब सोडावा.