चॅरिटीसाठी फुल मॅरेथॉन पळतोय, पण पैसे मागायचा मेसेज काही जमत नाहीये

सावकाश_पोचतो
नमस्कार मंडळी. दहा आठवड्यांनी माझी पहिली फुल आहे. बिब (छातीवर लावायचा नंबर, म्हणजे शर्यतीतली जागा) घेतलाय तो डायलिसिसच्या पेशंटना मदत करणाऱ्या एका संस्थेकडून, म्हणजे ठराविक रक्कम जमवून द्यायची अशी बोली आहे. पळायचं टेन्शन नाही (खोटं बोलतोय, आहे), पण पैसे मागायचे म्हटलं की माझी बोटंच चालत नाहीत. शेवटी कसाबसा हा मेसेज लिहून दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकला -

"नमस्कार. समाजाचे आपण काही देणे लागतो या भावनेतून मी ४२.१९५ किमी धावण्याचे आव्हान स्वीकारले आहे. या उदात्त कार्यात आपणही खारीचा वाटा उचलावा ही नम्र विनंती. लिंक खाली देत आहे."

चौदा अंगठे आले, तीन नमस्काराचे हात आले, देणगी शून्य. काय चुकतंय?

टाचदुखी
अरे हा मेसेज तू लिहिलायस की एखाद्या मंडळाच्या सेक्रेटरीने? तू एरवी असं बोलतोस का? उदात्त बिदात्त पहिलं काढ, आणि खारीचा वाटा तर काढच काढ, ते वाचलं की माणूस खारीएवढंच देतो, त्यात त्याची काय चूक.

दुसरं म्हणजे ग्रुपवर टाकलेला मेसेज हा कोणालाच उद्देशून नसतो, दोनशे जणांना वाटतं उरलेले एकशे नव्व्याण्णव देतील. एकेकाला वेगळा पाठव, वर त्याचं नाव लिही, आणि पहिली ओळ अशी लिही जी फक्त त्यालाच लागू पडेल. वेळ जातो, मान्य आहे, मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, पण ग्रुपवरून आले त्याच्या कितीतरी पट पैसे तिथून आले.

आणि सुरुवात कोणापासून करायची हेही बघ. लंडन मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या देणगीच्या पानांवर अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी काम केलंय, त्यात दिसलं की पानावर आधी मोठी रक्कम दिसली की मागून येणारे पण जास्त देतात आणि छोटी दिसली की कमी. म्हणून आधी स्वतःचे पैसे टाक, मग हात सैल असलेल्या दोनचार जवळच्या लोकांना फोन कर, आणि पान रिकामं राहिलं नाही की मगच बाकीच्यांना लिंक. तू नेमकं उलटं केलंस, रिकाम्या पानाची लिंक दोनशे जणांना दिलीस.

आता मुख्य प्रश्न, डायलिसिसच का? बिब मिळाला म्हणून, की अजून काही?

सावकाश_पोचतो
माझी मावशी सहा वर्षं डायलिसिसवर आहे. पण ते लिहायला कसंतरी वाटलं, म्हणजे तिचं आजारपण दाखवून पैसे मागतोय असं.

टाचदुखी
आणि हे तू आत्ता सांगतोयस 🤦 आधी तिला विचार, ती हो म्हणाली तरच लिही, नाव घालू नको. पण लिहायचं ते हेच, बाकीचं कोणीही लिहू शकतं.

फक्त_देणारा
मी पळत नाही, पळणाऱ्यांना पैसे देतो, म्हणून पलीकडच्या बाजूचं सांगतो. माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की माझे पैसे संस्थेला जाणार की तुझ्या एंट्री फीला आणि प्रवासाला? काही ठिकाणी जमवलेल्या रकमेतून पळणाऱ्याचा खर्च निघतो, काही ठिकाणी नाही. तुझा खर्च तू करत असशील तर एका ओळीत सांगून टाक, नसशील तरी सांग. राग येत नाही, लपवलं तर येतो. टॅक्समध्ये सूट मिळत असेल तर तेही लिही.

दुसरं, रक्कम सांग. "यथाशक्ती" म्हटलं की मी विचार करत बसतो की किती दिले तर बरे दिसतील, मग म्हणतो रात्री बघू, आणि ती रात्र काही येत नाही. एवढ्यात एका डायलिसिसचा खर्च निघतो असा आकडा संस्थेकडून घेऊन लिहिलास तर माझं काम सोपं.

आणि कृपा करून रोजच्या पेसचे स्क्रीनशॉट पाठवू नका हो. ५:४० म्हणजे चांगलं की वाईट हे आम्हाला शेवटपर्यंत कळत नाही.

बत्तीसला_भिंत
स्क्रीनशॉटचं ठीक, पण पळण्याबद्दल लिहूच नको असं कोणी म्हणत असेल तर मला नाही पटत. आपल्याला यात कष्ट आहेत, दुखणार आहे, हे दिसलं की लोक जास्त देतात, मानसशास्त्रवाल्यांनी प्रयोग करून बघितलंय. नुसतं जेवण ठेवून वर्गणी मागितली तर तेवढी येत नाही. कॅप्टन टॉम मूर बघा, २०२० मध्ये शंभरीला टेकलेला माणूस वॉकर घेऊन बागेत फेऱ्या मारत होता, टार्गेट होतं १००० पाउंड, जमले ३ कोटींच्या वर.

टाचदुखी
टॉम मूर हा अपवाद रे, लॉकडाऊनमध्ये सगळं जग घरात बसून टीव्ही बघत होतं. त्याच्यावरून अंदाज बांधायचा नसतो. मी टेरी फॉक्सचं उदाहरण देईन. एक पाय कॅन्सरने गेलेला, तरी १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५३७३ किमी पळाला. त्याच्या आदल्या वर्षी मदतीसाठी त्याने कॅन्सर सोसायटीला जे पत्र लिहिलं त्याचा जीव कुठे आहे, तर उपचार घेताना आजूबाजूला जी माणसं पाहिली त्यांच्यात. स्वतः बरा होऊन बाहेर पडलो पण ती अजून तिथेच आहेत, हे त्याला सहन होत नव्हतं. आणि पुढे पळताना लोकांकडे केलेली मागणी किती साधी, प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. कोणालाही पाठ होईल.

बत्तीसला_भिंत
मान्य. मग दोन्ही जोड ना, कष्ट पण आणि मावशी पण.

सावकाश_पोचतो
मावशी हो म्हणाली, वर म्हणाली की माझं वजन तेवढं लिहू नकोस. हे बघा -

"अमित, आपण शाळेत असताना पीटीच्या तासाला मी पोट दुखतंय म्हणून बसायचो ते तुला आठवत असेल. तोच मी आता मॅरेथॉन पळणार आहे. मला साधारण पाच तास लागतील, आणि ते एकदाच. माझी मावशी आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला चार चार तास लावलेली असते, सहा वर्षं झाली, आणि तिला मधेच सोडून देता येत नाही. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मी पैसे जमवतोय. तू एका डायलिसिसचा खर्च उचलशील का? आकडा लिंकवर आहे. एंट्री फी आणि प्रवास माझ्या खिशातून. नाही जमलं तरी शर्यतीनंतर फोन करून जिवंत आहे का ते विचार."

फक्त_देणारा
पीटीचा तास ठेव. लिंक मला पण पाठव.

बत्तीसला_भिंत
भारी. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना शर्यतीच्या दोन दिवस आधी एकदा आणि पळून झाल्यावर फोटोसकट एकदा पाठव, तेव्हाही बरेच जण देतात. त्याच्या पुढे मागे लागू नको.

सावकाश_पोचतो
पाठवायच्या आधी मावशीला वाचून दाखवला. म्हणाली चार तास मशीनचे झाले, सुया टोचणं, नंतर रक्त थांबेपर्यंत दाबून बसणं आणि जाणं येणं कोण धरणार? तेवढं बदलून सकाळी पाठवतो.